राधानगरीचा तलाव मे महिन्यात खाली जातो तेव्हा पाव्हण्यांना काय दाखवायचं? एका होमस्टेची पूर्ण केस

ही केस माझ्या मामेभावाच्या होमस्टेची आहे. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीवरनं दाजीपूरला जाताना रस्ता तलावाच्या कडेकडेनं जातो, त्या पट्ट्यात त्यांचं घर आहे, चार खोल्या, पुढं अंगण, मागं काजू आणि फणसाची झाडं, आणि पडवीत बसलं की समोर थेट तलाव. गावाचं आणि त्यांचं नाव मुद्दाम देत नाही, दादा आणि वहिनी एवढं पुरे. मी कोल्हापुरात असतो आणि त्यांच्या बुकिंगचे फोन, मेसेज, पेमेंट सगळं मी बघतो, त्यामुळं तक्रार आली की पहिल्यांदा माझ्याच कानावर येते.

आणि तक्रार दरवर्षी एकच. एप्रिल-मे मध्ये पोरांच्या सुट्टीत आलेलं कुटुंब गाडीतनं उतरतं, पडवीत येतं, समोर बघतं आणि विचारतं, "तलाव कुठाय?" तलाव असतोय की, पण लांब खाली गेलेला, मध्ये तांबड्या-करड्या मातीचा मोठा उघडा उतार, भेगाळलेला गाळ, जुनी खोडं, आणि त्याच्या पलीकडं पाणी. बुकिंगच्या ॲपवर जो फोटो आहे तो सप्टेंबरातला, पाणी अगदी झाडीला टेकलेलं, हिरवंगार, ढग उतरलेले. तो फोटो ॲपच्या माणसानं येऊन काढला होता आणि बदला म्हणून कितीदा सांगितलं तरी बदलला नाही. मग पाव्हणं वैतागतात, फसवलं म्हणतात, एक स्टार देऊन जातात. एका गृहस्थांनी तर दोन दिवसांचं बुकिंग असताना त्याच संध्याकाळी खोली सोडली, पोरं रडत होती कारण त्यांना पाण्यात खेळायचं होतं, आणि वहिनींनी त्यांच्यासाठी केलेलं जेवण तसंच राहिलं. त्या रात्री दादा फोनवर म्हणाला, "उन्हाळ्यात बंदच ठेवूया का रं?"

इथनं खरी केस सुरू झाली. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे होमस्टेवाल्याचा मुख्य सीझन, तोच बंद ठेवायचा म्हणजे वर्षाचं गणित कोलमडणार. दुसरा पर्याय दादाच्या डोक्यात होता तो होडीचा, त्याबद्दल पुढं सांगतो. पण त्याआधी हा तलाव खाली का जातो हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण पाव्हण्यांना ते कुणी सांगतच नाही आणि खरं सांगायचं तर आम्हा कोल्हापूरकरांनाही ते अर्धवटच माहीत असतंय.

तलाव खाली का जातो

राधानगरीचं धरण राजर्षी शाहू महाराजांचं. 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ महाराजांनी डोळ्यांनी बघितले, 1902 ला संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरवलं आणि त्यातनं पुढं भोगावती नदीवर हे धरण उभं राहिलं. राधानगरी हे नाव महाराजांच्या मुलीचं, राधाबाई आक्कासाहेबांचं, आणि जलाशयाला नाव महाराणी लक्ष्मीबाईंचं, म्हणून जुनी माणसं अजून लक्ष्मी तलावच म्हणतात. पैशाअभावी काम मध्येच थांबलं, महाराज 1922 ला गेले तेव्हा धरण पूर्ण उंचीचं झालं नव्हतं, पुढं राजाराम महाराजांच्या काळात काम परत हातात घेतलं आणि मग ते पूर्ण झालं. विचार करा, इथं पाऊस चारेक हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो आणि इथनं खाली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळपर्यंत जाईस्तोवर तो पार कमी होत जातो, म्हणजे पाणी एका टोकाला आणि गरज दुसऱ्या टोकाला. हे पाणी वर अडवून उन्हाळ्यात खाली सोडायचं, हाच या धरणाचा धंदा. हौसेसाठी किंवा नौकाविहारासाठी हे कुणी बांधलेलं नाही.

धरणाची क्षमता 8.36 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. शेजारच्या काळम्मावाडीचं 25 टीएमसीच्या वर आहे, त्यामानानं राधानगरी लहान, म्हणूनच ते लवकर भरतंय आणि लवकर खालीही जातंय. पावसाळा संपला की भोगावतीवर आणि पुढं पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, मग वरनं पाणी सोडायचं, ते बंधाऱ्या-बंधाऱ्याला तुंबतं आणि दोन्ही काठांचे शेतकरी मोटर लावून उपसतात. करवीर, राधानगरी, पन्हाळ्याकडचा हा जो सगळा उसाचा हिरवा पट्टा दिसतो, परितेचा भोगावती कारखाना, गावागावांच्या नळपाणी योजना, हे सगळं या पाण्यावर. कोल्हापूर शहरानंही किती वर्षं पंचगंगेचंच पाणी प्यायलं. एप्रिलमध्ये उपसाबंदी, म्हणजे नदीतनं पाणी उपसायला बंदी, लागली की उसवाल्यांच्या जिवाची घालमेल होते, मग आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटतं आणि तलाव अजून एक पायरी उतरतो. मे अखेरीला निम्म्याच्याही बराच खाली गेलेला असतो.

म्हणजे होमस्टेच्या पडवीतनं दिसणारा तो उघडा उतार म्हणजे तलावाची वाईट अवस्था असं काही नाही, तो त्याचं काम करून झाल्याची खूण आहे. मे महिन्यात तलाव काठोकाठ भरलेला दिसला तर समजायचं खाली शेताला पाणीच गेलं नाही. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर हाय रं, पण पाव्हण्याला ऊस दाखवून पैसे मिळत न्हाईत." त्याचंही खरं होतं.

होडीचा विषय

दादाला त्याच्या मित्रांनी डोक्यात घातलं होतं की पायडल बोटी आण, लाइफ जॅकेट आण, कयाक आण, लोक पाण्यासाठीच येतात तर त्यांना पाण्यात उतरव. मित्रांचं लॉजिक सोपं होतं आणि दादानं एक सेकंडहँड फायबर बोटही बघून ठेवली होती, ॲडव्हान्स तेवढा द्यायचा राहिला होता.

या बोटीला सगळ्यात आधी वहिनींनी हरकत घेतली आणि त्यांचा मुद्दा मला आजही सगळ्यात पक्का वाटतो. त्या म्हणाल्या, "आवो, पावसाळ्यात बोट बांधायची तर अंगणाच्या खाली, आणि मे मध्ये पाणी तिकडं खाली, मग बोट काय रोज चार माणसं लावून गाळातनं ओढत न्यायची?" हे इतकं साधं आहे पण बोटिंगचे प्लॅन करणाऱ्या कुणाच्याच लक्षात येत नाही. कोल्हापुरातल्या रंकाळा तलावात धक्का बांधला की तो वर्षभर पाण्याशी राहतो. राधानगरीत पाणी धक्क्याला सोडून जातं. तरंगता धक्का करायचा तर खर्च वेगळा, आणि उतरत्या काठाला गाळ किती खोल आहे ते वरनं कळत नाही, वरची खपली वाळलेली असते आणि खाली पिठल्यासारखा चिखल, माणूस गुडघ्यापर्यंत जातो, पोरगं असेल तर कमरेपर्यंत.

त्यात हा तलाव राधानगरी अभयारण्याच्या पोटात आहे. हे अभयारण्य 1958 ला दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, मग 1985 ला वाढवून 351 चौरस किलोमीटर केलं, आणि 2012 ला पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. पाणी पाटबंधारे खात्याचं, जंगल वन्यजीव विभागाचं, आणि भोवती इको सेन्सिटिव्ह झोन. अशा ठिकाणी कुणीही उठून आपल्या अंगणाखाली बोट सोडू शकत नाही, दोन्हीकडची परवानगी पाहिजे, आणि ती मिळाली तरी कुणी बुडालं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न राहतोच. धरणांच्या बॅकवॉटरला पोहायला उतरून पोरं गेल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात वाचायला मिळतात. काठ सावकाश खोल होत जातो असं वाटतं आणि मध्येच जुन्या ओढ्याची घळ लागते, पाय एकदम सुटतो.

ॲडव्हान्स दिला नाही. बोटीचा विषय तिथंच मिटला, दादा थोडा नाराज होता पण त्यालाही आतनं पटलं होतं.

उतारावर काय असतंय

मग प्रश्न परत तोच, मे मध्ये आलेल्या माणसाला काय दाखवायचं. आणि उत्तर त्याच उघड्या उतारावर होतं, फक्त कुणी तिकडं त्या नजरेनं बघितलं नव्हतं.

पाणी जसं जसं मागं हटतं तसं ओल्या काठाला कोवळं गवत उगवतं. एप्रिलमध्ये वरच्या डोंगरातलं गवत वाळून पिवळं पडलेलं, झरे आटलेले, तेव्हा हिरवा चारा आणि पाणी दोन्ही एका जागी फक्त इथं, तलावाच्या काठाला. म्हणून ऊन उतरलं की समोरच्या काठावर गवे झाडीतनं बाहेर येतात. आधी एखादी गाय येऊन थांबते, कान हलवत बराच वेळ नुसती उभी राहते, मग मागनं बाकीचा कळप, पिल्लं मधे, आणि सगळ्यात शेवटी एखादा काळाशार बैल, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. सप्टेंबरात तलाव भरलेला असतो तेव्हा हे दिसणं शक्यच नाही, कारण पाणी झाडीला टेकलेलं आणि गव्यांना आतच सगळं मिळतंय. म्हणजे ज्या महिन्यात पाव्हणे चिडतात त्याच महिन्यात पडवीतनं गवे दिसण्याचा चान्स सगळ्यात जास्त. वहिनींना हे लहानपणापासनं माहीत होतं, त्यांच्यासाठी ते रोजचं, पाव्हण्यांना सांगण्यासारखं यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट टिटवीची. उघड्या उतारावर, पाण्यापासनं थोडं वर, टिटवी अंडी घालते. घरटं असं नाहीच, गुराच्या खुराएवढा खड्डा, त्यात चार अंडी, टोकं आत केलेली, रंग मातीचा आणि वर काळपट ठिपके, अगदी समोर दाखवलं तरी दिसत नाहीत. दादाच्या धाकट्या पोरानं मला एक घरटं दाखवलं, मी त्याच्या बोटाकडं बघतोय, मातीकडं बघतोय, दिसेना, शेवटी तो म्हणाला, "काका, हलू नका, तुमच्या पायापासनं दोन हातावर हाय." तेवढ्यात वर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली आणि आम्ही लगेच मागं फिरलो, कारण भर उन्हात पक्षी उठला की अंडी तापतात.

आणि याच उतारावर लोक गाड्या घालतात. हे बघून माझं डोकंच फिरतं. मोठी एसयूव्ही घेऊन खाली उतरायचं, गाळावर गोल गोल फिरवायचं, पाण्याच्या कडेला उभी करून रील काढायची. एकदा इचलकरंजीकडच्या एका ग्रुपची गाडी रुतली, पोरांना वाटलं थोडा ॲक्सिलरेटर दिला की निघेल, ती अजून खाली गेली, शेवटी गावातनं ट्रॅक्टर आणून ओढावी लागली, संध्याकाळ गेली, आणि ज्या पट्ट्यात चाकं फिरली तिथं टिटवीचं काय झालं असेल ते कुणी बघायला गेलं नाही. गाडी काढायला ट्रॅक्टरवाल्यानं घेतलेले पैसे तेवढे त्यांच्या लक्षात राहिले.

तिसरी गोष्ट इतिहासाची. पाणी खाली गेलं की बुडालेल्या जमिनी दिसतात. दगडी ताली, म्हणजे शेताचे बांध, एकाखाली एक, म्हणजे इथं कधीकाळी शेतं होती हे सरळ दिसतं. जुन्या वाटेचे कडेचे दगड दिसतात. ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवंडांना अजून सांगता येतंय की अमक्याचं शेत कुठं होतं. शाहू महाराजांच्या काळातला बेनझीर व्हिलाही याच तलावात, तलाव भरला की पाण्यानं वेढलेला आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा, आता नुसत्या जुन्या भिंती. राधानगरीत हत्तीमहाल आहे, तोही महाराजांच्याच काळातला. हे सगळं एकत्र सांगितलं तर माणूस तास दीड तास गुंगून जातो, आणि त्याला सांगायला दादासारखा माणूस पाहिजे ज्याच्या आजोबांची जमीन खरंच पाण्याखाली आहे.

काय बदललं

पहिलं म्हणजे माहिती बदलली. ॲपवरचा फोटो बदलेना तर वर्णन आम्ही बदललं, आणि फोनवर बुकिंग आलं की मी महिना विचारतो आणि त्या महिन्याचा फोटो पाठवतो, मे चा असेल तर मे चा, उघड्या उतारासकट. सरळ लिहिलं की एप्रिल-मे मध्ये पाणी लांब खाली असतं, पोहायला मिळणार नाही, पण संध्याकाळी समोरच्या काठाला गवे येण्याची शक्यता असते, खात्री नाही. काही लोक हे वाचून फोन ठेवतात. ठेवू देत. जे येतात ते भांडत नाहीत.

दुसरं, दुर्बीण. एक चांगली दुर्बीण घेतली आणि पडवीत ठेवली. बोटीपेक्षा कितीतरी स्वस्त, परवानगीची गरज नाही, कुणी बुडत नाही. संध्याकाळी चहा देऊन पाव्हण्यांना पडवीतच बसवायचं, गव्यांकडं जायचं नाही, आवाज कमी, मोबाईलवर गाणी नाहीत. पहिल्यांदा लोकांना हे शाळेसारखं वाटतं, पण एकदा गवा दिसला की पोरं स्वतःच गप्प होतात. कधीकधी धनेश पक्षी तलाव ओलांडून जातो, त्याच्या पंखांचा आवाज लांबनं ऐकू येतो. नाहीच काही दिसलं तर नाही दिसलं, वहिनी आधीच सांगून ठेवतात.

तिसरं, उतारावर जायची गाडीवाट बंद केली. ग्रामपंचायतीत बोलून, गावातल्या चार पोरांना घेऊन दादानं वाटेच्या तोंडाला मोठे दगड लावले आणि कळक, म्हणजे बांबू, आडवा टाकला. गुरं आणि माणसं जातात, गाडी जात नाही. यावर कटकट झाली, गावातल्याच एक-दोघांनी म्हटलं की पर्यटक नाराज होतील आणि वडापाव-चहाचा धंदा बसेल. दगड अजून आहेत, मधे एकदा कुणीतरी ढकलून दिले होते, परत लावले.

चौथं जरा मोठं आहे आणि ते तलावापासनं बाजूला जातं. मे च्या शेवटच्या आठवड्यात आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी इथं काजवे येतात. राधानगरीच्या काजव्यांचं आता नाव झालंय, काजवा महोत्सव होतो, गाड्यांची रांग लागते. झाडच्या झाड एकाच लयीत चमकतं आणि विझतं, परत चमकतं. हा नर-मादीचा इशारा असतो आणि त्यात गाडीचे हेडलाइट, मोबाईलचे फ्लॅश घुसले की सगळा खेळ बिघडतो. होमस्टेत म्हणून नियम केला, गाड्या अंगणात लावायच्या, काजवे बघायला गावच्या रस्त्यानं चालत जायचं, टॉर्चला तांबडा कागद गुंडाळायचा आणि तोही जमिनीकडं धरायचा. अभयारण्यात रात्री जायचं नाहीच, आणि जायची गरजही नाही, घराच्या मागच्या झाडांवरच भरपूर दिसतात. एका पाव्हण्यानं काजवा बाटलीत भरून घेतला होता, वहिनींनी त्याच्या हातातनं बाटली घेतली आणि झाकण उघडलं, काहीच बोलल्या नाहीत. तो माणूस पुढच्या वर्षी बायको-पोरांना घेऊन परत आला.

बाकी महिन्यांचं थोडक्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तलाव भरलेला आणि वरच्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळावर, फुलं, सीतेची आसवं, गेंद, कवला, किडे खाणारं दवबिंदू. कासला जाऊन ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या कोल्हापूरकरांना आपल्याच जिल्ह्यातले सडे माहीत नसतात याचं मला वाईट वाटतं, पण एकीकडं बरंही वाटतं, कारण फुलं बोटभर उंचीची आणि एक बूट पडला की खल्लास. पावसाळ्यानंतर अभयारण्य उघडलं की दाजीपूर गेटनं आत जाता येतं, मंगळवारी बंद असतं हे लक्षात ठेवायचं, कित्येक लोक मंगळवारीच येऊन गेटवरनं परत जातात. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडते, लोक कमी, शांतता जास्त, ज्यांना वाचत पडायचं आहे त्यांनी तेव्हा यावं.

याचा परिणाम काय झाला? मे ची बुकिंगं काही दुप्पट झाली नाहीत. ग्रुपवाले, डीजेवाले, ओली पार्टीवाले कमी झाले आणि ते रिकामे दिवस अजून पूर्ण भरलेले नाहीत. पण घरच्या माणसांसोबत येणारे, पक्षी बघणारे, पोरांना काहीतरी दाखवायचंय म्हणून येणारे वाढले, ते दोन-तीन रात्री राहतात, घरचं जेवतात, नाचणीची भाकरी, तांबडा-पांढरा रस्सा, करवंदाचं लोणचं, आणि जाताना काजू-मध घेऊन जातात. काजव्यांच्या दिवसांत चारही खोल्या भरलेल्या असतात. एक स्टारवाली रडारड जवळपास थांबली. दादा आता उन्हाळ्यात बंद ठेवायचं म्हणत नाही.

जुलैची गर्दी, जी सुटलेली नाही

एक गोष्ट मात्र आम्हाला अजिबात जमलेली नाही, आणि ती लिहिल्याशिवाय ही केस पूर्ण होत नाही.

राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. एकूण सात. पाणीपातळी 347.50 फुटांपर्यंत आली की वजनाच्या तोलावर दरवाजा आपोआप उचलला जातो, बटण नाही, मोटर नाही, कुणी हँडल फिरवत नाही, आणि पातळी उतरली की परत बसतो. बऱ्याचदा सहा नंबरचा पहिल्यांदा उघडतो. एका दरवाज्यातनं 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी जातं, सातही उघडले आणि वीजघरातलं पाणी धरलं की साडेअकरा हजार क्युसेकच्या आसपास विसर्ग होतो. शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेल्या धरणाची ही यंत्रणा आजही पावसाळ्यात नेमानं काम करते, याचा कोल्हापूरकर म्हणून मला मनापासून अभिमान आहे.

पण दरवाजा उघडल्याची बातमी व्हॉट्सॲपवर फिरली की अख्खं कोल्हापूर गाडी काढतं. राऊतवाडीचा धबधबा, धरणाचा फेसाळता प्रवाह, भजी, कणीस, आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या. शनिवार-रविवारी इतकी गर्दी की गावातल्या माणसाला दवाखान्यात जायचं तरी वाट मिळत नाही. ही माणसं संध्याकाळी परत जातात, मुक्काम कुणीच करत नाही, मागं राहतात ते प्लॅस्टिकचे ग्लास, कुरकुऱ्याची पाकिटं आणि फुटलेल्या बाटल्या. त्या काचा पुढं तलावाच्या काठाला जातात आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याच उतारावर उघड्या पडतात, जिथं गवे चरायला येतात आणि गुरं राखणारी पोरं अनवाणी फिरतात. दोन्ही सीझन असे एकमेकाला जोडलेले आहेत हे आम्हाला उन्हाळ्यात काचा वेचताना कळलं.

आणि खाली शहरात त्याच वेळी काय चाललेलं असतं? राधानगरीचे दरवाजे उघडले म्हणजे पंचगंगा वाढणार. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे आकडे आम्हाला घरच्या फोन नंबरासारखे पाठ. 2019 आणि 2021 च्या महापुरात काय झालं ते सांगायला नको. म्हणजे जो प्रवाह एकाच्या रीलमध्ये असतो त्याच्याकडं बघून शिरोळ, चिखलीतला माणूस जनावरं सोडायची तयारी करत असतो. पावसाळ्यात बुकिंग आलं तर म्हणून मी आधी पंचगंगेची पातळी बघतो आणि गरज वाटली तर येऊ नका असं सांगतो, पैसे परत करतो. वहिनींनी हे पहिल्या दिवसापासनं मान्य केलंय.

दिवसाच्या गर्दीवर उपाय एकट्या होमस्टेच्या हातात नाही. गावानं मिळून गाड्या गावाबाहेर एका जागी उभ्या करायला लावाव्यात, पार्किंगचे पैसे घ्यावेत, त्या पैशातनं पावसाळा संपल्यावर काठाची साफसफाई करावी, असं दादानं ग्रामसभेत मांडलंय. जागा कुणाची घ्यायची यावर अडलंय, एकाचं शेत सोयीचं आहे पण तो भाताचा हंगाम सोडायला तयार नाही आणि त्याला भरपाई किती द्यायची यावर दोन गट पडलेत. पुढच्या ग्रामसभेत परत विषय येणार आहे. तोपर्यंत दर सोमवारी सकाळी दादा, धाकटा पोरगा आणि शेजारची दोन पोरं पोती घेऊन काठाला जातात. तुम्ही रविवारी गेला असाल आणि मुक्काम पडला तर सोमवारी त्यांच्यासोबत जा, पोती त्यांच्याकडं आहेत, हातमोजे तेवढे स्वतःचे न्या.